ग्रामसभेच्या वह्या आणि राज्यशास्त्राची एक जागा

एका अनुदानित महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या निवडीचं हे प्रकरण आहे. गाव, संस्था, विद्यापीठ आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी निवड समितीत नव्हतो. कागद नंतर पाहिले आणि संबंधितांपैकी बहुतेकांशी बोललो. एकमेकांशी न जुळणाऱ्या आठवणी आहेत तिथे कागद प्रमाण मानला आहे.

पार्श्वभूमी

महाविद्यालय पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शाखा तिन्ही आहेत. कला शाखेची मुलं बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी, मराठीतून शिकणारी. राज्यशास्त्राची मंजूर पदं दोन.

त्यातल्या एका पदावर १९९० च्या दशकात जे सर रुजू झाले, त्यांच्या वेळी ७३ वी घटनादुरुस्ती नुकतीच लागू झाली होती. २४ एप्रिल १९९३ नंतरची ती वर्षं. पंचायती आता घटनेत आल्या, महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, राज्य निवडणूक आयोग आला, हे वर्गात शिकवून सरांचं समाधान होईना. त्यांनी टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना आपापल्या गावच्या ग्रामसभेला बसवायला सुरुवात केली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. प्रत्येक मुलाला एक दोनशेपानी वही. किती लोक आले, बायका किती, त्यांतल्या बोलल्या किती, कोणता विषय किती वेळ चालला, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, आणि सभा झाली की तहकूब झाली, हे सगळं त्या वहीत उतरवायचं.

तहकुबीची नोंद साधी वाटते, पण तीच सगळ्यात मोलाची. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. काही गावांत वर्षानुवर्षं पहिली सभा तहकूबच होते आणि खरे ठराव दुसऱ्या, रिकाम्या सभेत होतात. हे शोधायला कुठल्या निर्देशांकाची गरज नाही. वीस वर्षांच्या वह्या एकापुढे एक ठेवल्या की दिसतं.

वह्यांचा काळही असा की त्यात नियम अनेकदा बदलले. २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले, २०२० मध्ये ते रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांकडे गेली, २०२२ मध्ये थेट निवड परत आली. परिणाम असा की एकाच तालुक्यात, एकाच बागायती पट्ट्यात, एका गावाचा सरपंच लोकांनी निवडलेला आणि बांधापलीकडच्या गावाचा सदस्यांनी. लोकशाहीच्या विकासाचा अभ्यास करणाऱ्याला अशी तुलना आयती मिळत नाही.

सर २०१५ मध्ये निवृत्त झाले. त्यांचाच एक विद्यार्थी, पीएचडी आणि सेट (राज्याची प्राध्यापक-पात्रता परीक्षा) झालेला, त्या तासांवर सीएचबीने, म्हणजे घड्याळी तासाच्या मानधनावर, आला. पुढे त्यांना सीएचबीचे सर म्हणतो. वह्यांचं काम त्यांनी चालू ठेवलं. नऊ महिन्यांची नेमणूक, तासांवर मानधन, मे महिन्यात उत्पन्न शून्य. तरी १ मेच्या ग्रामसभेला ते मुलांबरोबर जात. विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या सगळ्या शाखांना ‘लोकशाही, निवडणूक व सुशासन’ हा विषय सक्तीचा केला तेव्हा वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांना सभागृहात एकत्र बसवून तोही त्यांनीच शिकवला. हे तास त्यांच्या कार्यभारात धरले गेले नाहीत.

अडचण

निवृत्तीनंतर पद भरण्यासाठी ना-हरकतीची फाइल उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात फिरत असतानाच मे २०१७ मध्ये राज्यात पदभरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने रिक्त पदांच्या ४० टक्के, म्हणजे राज्यभर ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी मिळाली. चाळीस टक्के याचा महाविद्यालयाच्या पातळीवरचा अर्थ असा की दहा विषय तोंड उघडून बसलेले आणि घास चार. पहिल्या फेरीत वाणिज्य, रसायनशास्त्र आणि इंग्रजी यांना जागा मिळाल्या. राज्यशास्त्र चौथं होतं, त्याची प्रक्रिया सुरू होईतो करोना आला. राज्यातली उरलेली २,०८८ पदं भरायला नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा मिळाली तेव्हा हे पद पुन्हा वर आलं.

मधल्या काळात बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला ते ठरवणारं रोस्टर, बदलली होती. मराठा आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केलं, शिवाय आरक्षण विषयनिहाय धरायचं की सगळ्या संवर्गाचं मिळून, हा वाद होताच. रोस्टर पुन्हा मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावं लागलं आणि हे पद खुल्या प्रवर्गात आलं.

प्राचार्यांपुढचा प्रश्न वरवर पाहता सोपा होता: सात वर्षांनी एक जागा मिळाली आहे, ती भरायची. पण त्या जागेवर नेमकं काम काय चालतं, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. कार्यभाराच्या तक्त्यात आठवड्याचे तास आणि पेपरांची नावं. पद निश्चितीच्या तक्त्यात विषय आणि संख्या. ग्रामसभेच्या वह्या ना ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत, ना विभागाच्या साठा नोंदवहीत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात ‘क्षेत्रभेट’ एवढा एक शब्द आणि खाली एक फोटो.

पहिला निर्णय: जाहिरातीतली ओळ

प्राचार्यांनी जाहिरातीच्या मसुद्यात एक ओळ घातली होती: ‘लोकशाही विकास व स्थानिक स्वराज्य संस्था या क्षेत्रात संशोधन असणाऱ्यास प्राधान्य.’ विद्यापीठातल्या संबंधित टेबलावरून तोंडी सांगण्यात आलं की नमुन्यात असा रकाना नाही, ओळ राहिली तर फाइल परत येईल. प्राचार्यांनी ओळ काढली. जाहिरात छापून आली ती अशी: राज्यशास्त्र, पद १, खुला.

माझ्या मते या प्रकरणाचा निकाल इथेच अर्धा लागला, आणि सगळ्यांचं लक्ष मात्र मुलाखतीवर. हरकत लेखी मागितली असती तर काय उत्तर आलं असतं ते सांगता येत नाही. कदाचित ओळ गेलीच असती. पण ‘या पदाकडून आम्हाला हे काम हवं आहे’ असा महाविद्यालय विकास समितीचा ठराव करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. असा ठराव निवड समितीपुढे ठेवता आला असता. तो झाला नाही. प्राचार्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूने खरं आहे: ना-हरकतीला मुदत असते, आणि सात वर्षांनी आलेली जागा एका ओळीपायी घालवली असती तर संस्थेने त्यांनाच जाब विचारला असता.

दुसरा निर्णय: सीएचबीची वर्षं

छाननी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतल्या तक्त्याने झाली. महाविद्यालयांसाठीचा तक्ता थोडक्यात असा: पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तरला २५, एमफिल-पीएचडी मिळून २५, जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसह नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५, शोधनिबंधांना प्रत्येकी २ आणि कमाल ६, अध्यापन अनुभवाला वर्षाला २ आणि कमाल १०, पुरस्कारांना ३. हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्यापुरते. निवड मुलाखतीवरच व्हायची, असं नियमांत स्पष्ट आहे.

तक्त्याची गंमत शोधनिबंधांच्या ओळीत आहे. तीन निबंध झाले की सहा गुण संपले. तिथून पुढे वीस वर्षांच्या क्षेत्रकार्याला, किंवा मराठी नियतकालिकातल्या एखाद्या लांब आणि कसदार लेखाला, काहीच मिळत नाही. पैसे भरून छापलेल्या निबंधाला आळा घालायला २०१९ मध्ये आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी आली, ती २०२५ मध्ये बंद झाली. पण यादीतल्या नियतकालिकात आलं एवढंच ती सांगायची, निबंधात काय आहे ते नाही.

वादाची ओळ अनुभवाची होती. सीएचबीची वर्षं धरायची का? धरली तर सीएचबीच्या सरांचे (पदवी १६, पदव्युत्तर २०, पीएचडी २५, सेट ५, निबंध ६, अनुभव १०) ८२ होत होते. नाही धरली तर ७२, आणि मुलाखतीच्या यादीतूनच ते बाहेर जात होते. छाननी समितीतल्या एका सदस्याचं म्हणणं, तास तत्त्वावरचा अनुभव म्हणजे पूर्णवेळ अनुभव नव्हे. दुसऱ्यांचं म्हणणं, नेमणूक विद्यापीठाच्या मान्यतेने होती आणि नऊ महिन्यांच्या प्रमाणात दीड गुण धरला तरी सात वर्षांचे दहा भरतातच. शेवटी प्रमाणात धरायचं ठरलं आणि कारण इतिवृत्तात लिहिलं गेलं. साऱ्या प्रक्रियेत कारणासह लिहिलेला हा एकच निर्णय, आणि पुढे त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

समोर आलेले उमेदवार

मुलाखतीला बरेच जण आले. अर्ज करूनही न आलेलेही बरेच. त्यांतल्या एकाने मला सांगितलं, ‘जागा आधीच ठरलेली असते सर, गाडीभाडं कशाला घालवू?’ महाराष्ट्रात प्राध्यापकाच्या जागेला ‘भाव’ असतो हे इतकं गृहीत धरलं जातं की जिथे व्यवहार होत नाही तिथेही चांगले उमेदवार घरी बसतात. या प्रकरणात पैशाची मागणी झाल्याचं मला कुणीही, हरलेल्यांनीही, सांगितलं नाही.

खरी स्पर्धा तिघांत झाली.

पहिल्या मूळच्या विदर्भातल्या, दिल्लीत शिकलेल्या एक मॅडम. जेआरएफ, एमफिल, पीएचडी, तक्त्याचे ८५. विषय लोकशाहीकरणाचा तौलनिक अभ्यास: १९७४ मध्ये पोर्तुगालपासून सुरू झालेली लाट, लॅटिन अमेरिका, दक्षिण आशिया आणि अलीकडची घसरण. २०२१ मध्ये एका संस्थेने भारताला ‘अंशतः मुक्त’ म्हटलं आणि दुसरीने ‘निवडणुकीची एकाधिकारशाही’, तेव्हा हे निर्देशांक कसे बनतात, तज्ज्ञांच्या मतांना आकड्यांत बसवताना काय निसटतं, यावर त्यांचा निबंध होता. तो मी वाचला आहे. चांगला आहे, आणि कुठल्याच बाजूच्या टाळ्यांसाठी लिहिलेला नाही.

दुसरे सीएचबीचे सर.

तिसरे शेजारच्या जिल्ह्यातले, राजकीय विचार हा विषय असलेले, नेट-पीएचडी, ८१ गुण. वर्गात त्यांची पकड उत्तम होती, पण चर्चा पहिल्या दोघांभोवतीच फिरली आणि त्यांचं नाव कुणी फारसं घेतलं नाही. हेही एक प्रकारचं अन्यायाचंच उदाहरण, पण या लेखाच्या आवाक्याबाहेरचं.

मुलाखतीचा दिवस

समितीने एक गोष्ट फार चांगली केली. डेमो लेक्चर रिकाम्या खोलीत समितीपुढे न घेता एसवायच्या वर्गावर घेतलं, आणि मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. विषय सगळ्यांना एकच: सरपंचाची थेट निवडणूक.

सीएचबीच्या सरांचा तास घरचा होता. कायदा, तारखा, तालुक्यातली उदाहरणं. थेट सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं असलं की अंदाजपत्रक कसं अडतं, हे त्यांनी दोन गावांची नावं न घेता सांगितलं आणि मुलं हसली, कारण गावं कोणती ते त्यांना कळलं होतं.

मॅडमचा तास सुरुवातीला अडखळला. ‘इन्स्टिट्यूशनल डिझाइन’ला फळ्याजवळ उभं राहून मराठी शब्द शोधावा लागला. मग एका मुलीने विचारलं, ‘आमच्या शेजारच्या गावात बिनविरोध करायला सरपंचपदाची बोली लागली. देवळाला पैसे दिले. ते चूक आहे का?’

हा प्रश्न हवेतला नव्हता. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक प्रक्रिया राज्य निवडणूक आयोगाने लिलावाच्याच कारणावरून रद्द केली होती.

सीएचबीच्या सरांना त्यांच्या तासाला जवळपास हाच प्रश्न आला होता आणि त्यांनी नेमकं उत्तर दिलं होतं: तक्रार तहसीलदारांकडे आणि आयोगाकडे करता येते, उमराण्याचं असं झालं, घटनेचं कलम अमुक. मॅडमना उमराणे माहीत नव्हतं. त्यांनी मुलीलाच उलट विचारलं, ‘बोली लावायला कोण कोण बसलं होतं? कोण बसूच शकत नव्हतं?’ पुढची दहा मिनिटं वर्गच बोलत होता. भूमिहीन, सासरी नव्याने आलेल्या बायका, वस्तीवरचे लोक. आणि एक मुलगा म्हणाला, ‘पण मॅडम, निवडणूक झाली असती तर भांडणात डोकी फुटली असती, त्याचं काय?’ त्यावर मॅडमनी निकाल दिला नाही. हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी विचारला गेला आहे, स्पर्धा आणि शांतता यांतलं काय आधी, असं म्हणून त्यांनी दोन देशांची उदाहरणं दिली आणि वेळ संपली.

आता यातला चांगला तास कुठला? ज्याला त्याला विचारा, उत्तर वेगळं येईल. समितीपुढे मोजायला काही नव्हतं. गुणपत्रिकेत मुलाखतीच्या एकूण गुणांचा एकच रकाना होता. अध्यापनाला किती, संशोधनाला किती, परिसराच्या जाणिवेला किती, असे भाग पाडलेले नव्हते.

मुलाखतीत आणखी एक क्षण आला, त्याची इतिवृत्तात नोंद नाही. इथे आल्यावर काय अभ्यास कराल असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका. सभासद कोण होऊ शकतं, मतदार यादी कशी ठरते, हे ग्रामपंचायतीपेक्षा जास्त सांगून जाईल.’ संस्थेचे अध्यक्ष कारखान्याचे माजी संचालक. खोलीत कुणी काही बोललं नाही. अध्यक्षांनीच हसून विचारलं, ‘आमच्याही घेणार का?’ मॅडम म्हणाल्या, ‘परवानगी दिलीत तर आधी तुमच्याच.’ अध्यक्षांनी पुढे त्यांच्या विरोधात काहीही म्हटलं नाही, हे तीन जणांनी मला वेगवेगळं सांगितलं. ग्रामीण महाराष्ट्रात लोकशाहीचा अभ्यास करायचा तर ज्यांच्या संस्थेत बसून करायचा, अभ्यासाचा विषयही बऱ्याचदा तेच असतात. या पदाची ही अडचण दुसऱ्या कुठल्या विषयाच्या पदाला नसते.

कोणते पर्याय तोलले गेले

मॅडमना घ्यायचं, तर विभागाला संशोधनाची नवी दिशा मिळेल, पण त्या किती दिवस राहतील? ही शंका कुलगुरूंच्या प्रतिनिधींनीच काढली आणि त्यांनीच परत घेतली: उमेदवार पुढे सोडून जाईल या भीतीने कमी योग्य माणूस निवडायचा, हा निकष बाईमाणसाला जास्त वेळा लावला जातो, असं त्या प्रतिनिधी म्हणाल्या. मला हे पटतं.

सीएचबीच्या सरांना घ्यायचं, तर जे चालू आहे ते टिकेल. त्यांच्या विरोधात मुद्दा असा निघाला की सात वर्षं वह्या हाताशी असून त्यांनी त्यांवर काही मोठं लिहिलं नाही. नऊ महिने तासांवर जगणाऱ्या, सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात धावणाऱ्या माणसाने लिहायचं कधी, हा प्रतिप्रश्न कुणी केला नाही. करायला हवा होता तो प्राचार्यांनी. पण सर त्यांचेच, आपण पक्षपाती दिसू म्हणून ते गप्प बसले. त्यांचा संकोच प्रामाणिक होता. समितीपुढे वह्या नेमक्या काय आहेत हे सांगू शकणारा माणूस मात्र त्यांच्याखेरीज दुसरा नव्हता.

तिसरा पर्याय ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असं लिहून पुन्हा जाहिरात देण्याचा. तो एका वाक्यात संपला. अशी सोडलेली जागा पुन्हा मिळेल याची कुणी हमी देऊ शकत नव्हतं.

काय ठरलं

निवड मॅडमची झाली, प्रतीक्षा यादीत पहिलं नाव सीएचबीच्या सरांचं. निर्णय एकमताने झाल्याची नोंद आहे. लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७००. मॅडम २०२३ च्या सुरुवातीला रुजू झाल्या. वैयक्तिक मान्यतेची फाइल विद्यापीठात आणि मग सहसंचालकांकडे जाऊन पहिला पगार हातात पडेपर्यंत बरेच महिने गेले. तोवर त्या भावाने पाठवलेल्या पैशांवर राहिल्या. यात नवल काही नाही, नव्याने लागलेला जवळजवळ प्रत्येक जण हे भोगतो.

पूर्णवेळ पद भरलं की सीएचबीचा तेवढा कार्यभार संपतो. सर त्या सत्रानंतर दोन तालुके पलीकडच्या महाविद्यालयात तासांवर गेले.

पुढे काय झालं

मॅडमना वह्यांबद्दल पहिल्यांदा कळलं ते मुलांकडून. ‘यंदा १५ ऑगस्टला कोणत्या गावाला जायचं?’ असं टीवायच्या मुलाने विचारलं. विभागाच्या कपाटात एकही वही नव्हती. ते कपाट नॅकच्या फायलींना दिलं गेलं तेव्हा सीएचबीच्या सरांनी वह्या पोत्यात भरून घरी नेल्या होत्या. प्राचार्यांनी फोन केला. सर म्हणाले, ‘देतो की. पण सर, पावती द्या. किती वह्या, कोणत्या वर्षाच्या, सगळं लिहून.’

पावती देणं अवघड निघालं. कारण पावती कशाची? महाविद्यालयाच्या लेखी त्या वह्या अस्तित्वातच नव्हत्या. ग्रंथपालांनी छापील पुस्तक नाही म्हणून दाखलनोंद नाकारली. शेवटी हस्तलिखितांची वेगळी नोंदवही उघडून त्यात वर्ष आणि गाव लिहून त्या दाखल केल्या गेल्या. मधल्या काही वर्षांच्या सापडल्या नाहीत, काहींना वाळवी लागली होती. हे सगळं व्हायला मॅडम रुजू झाल्यावर वर्षापेक्षा जास्त काळ गेला.

मॅडमनी वह्या वाचल्या आणि २०१७ चे थेट सरपंच असलेली गावं आणि २०२१ ची सदस्यांनी सरपंच निवडलेली गावं अशी मांडणी त्यांनी केली. सरांच्या मनात ही तुलना होतीच, पण ती त्यांनी कागदावर कधी मांडली नव्हती. मात्र गावात गेल्यावर मॅडमचं अडलं. ग्रामसेवक सभेचं रजिस्टर दाखवेनात. सरांना ते चहा पाजून दाखवत. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ध्वजवंदनाला सर्व प्राध्यापकांची उपस्थिती सक्तीची, आणि काही गावांत सभा त्याच वेळी. जुने सर यातून कशी वाट काढत ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. त्यात नॅकचं एक प्रकरण, परीक्षेचं काम आणि नव्या शैक्षणिक धोरणाने बदललेली पेपरांची रचना. पहिला अभ्यास त्यांनी शेवटी कारखान्याच्या मतदार यादीवर न करता ग्रामसभेवरच केला. अध्यक्षांनी नाही म्हटलं नव्हतं. कारखान्याने यादी दिली नाही.

प्राचार्यांनी महाविद्यालयाच्या स्वनिधीतून सत्राला दोन क्षेत्रकार्य कार्यशाळांचं मानधन मंजूर करून सीएचबीच्या सरांना बोलावलं. त्यांनी आधी नकार दिला. नंतर आले, मुलांना आणि मॅडमना घेऊन दोन गावांत फिरले. निबंधावर दोघांची नावं असावीत असं मॅडमनी सुचवलं. सर म्हणाले, माझ्या मुलांचीही घाला, वह्या त्यांनी लिहिल्यात. शंभरांहून जास्त नावं लेखकांत घालता येत नाहीत म्हणून ती परिशिष्टात जायची आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

निवड चुकली का, हा प्रश्न मला विचारला गेला आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देण्यात अर्थ वाटत नाही. पुढे दिलेला माल बघता समितीने समंजसपणे निवड केली. माल पुढे ठेवण्यातच खोट होती.

पद रिकामं होतं त्या दिवशी, म्हणजे २०१५ मध्येच, निवृत्त होणाऱ्या सरांकडून कामाचं हस्तांतर लेखी घ्यायला हवं होतं: चालू उपक्रम, साहित्य, गावांतले संपर्क, ग्रंथालयात दाखल करायच्या वस्तू. बँकेत कारकून बदलला तरी चार्ज लिस्ट होते. आपल्याकडे विभागप्रमुख तीस वर्षांनी जातो आणि हस्तांतरात येते ती कपाटाची किल्ली.

जाहिरातीतली ओळ गेली तरी विकास समितीचा ठराव करून तो निवड समितीला वाचायला देता आला असता. मुलाखतीच्या गुणांचे भाग आधी ठरवता आले असते. वर्गावर डेमो घेतलाच होता, तर मुलांचा अभिप्राय लेखी घेता आला असता. त्याला निर्णायक वजन द्यायची गरज नव्हती. दोन्ही उमेदवारांना वह्यांमधली चार पानं देऊन ‘यावरून काय अभ्यास उभा कराल?’ असं विचारलं असतं, तर कोणाला काय दिसतं आणि कोणाला कुठवर जाता येतं, ते अर्ध्या तासात कळलं असतं. नियमांत याला आडकाठी नाही. अध्यापन आणि संशोधनाची कुवत चर्चासत्राने किंवा वर्गातल्या तासाने तपासता येते, असं त्यांत म्हटलंच आहे.

सीएचबीच्या सरांच्या बाबतीत मात्र महाविद्यालयाच्या हातात फार थोडं होतं. सात वर्षं एका पदाचं सगळं काम करणाऱ्याला त्याच पदाच्या मुलाखतीला इतरांसारखं बसावं लागतं. खुल्या स्पर्धेच्या तत्त्वाने ते बरोबर आहे. पण त्या सात वर्षांत त्याला अभ्यासाची रजा, प्रवासखर्च, संगणक, काहीही न देता शेवटी ‘लिहिलं का नाही’ असं विचारणं बरोबर नाही. सक्तीच्या लोकशाहीच्या पेपरचे तास तरी कार्यभारात धरता आले असते. निदान तशी मागणी सहसंचालकांकडे लेखी करता आली असती.

विभागातलं दुसरं पद आता निवृत्तीने रिकामं होणार आहे. मॅडमनी प्राचार्यांना पत्र दिलं आहे. त्यात मागण्या तीन: ग्रामसभेच्या दिवशी क्षेत्रकार्यावर असलेल्या शिक्षकाला ध्वजवंदनातून सूट, वह्यांच्या स्कॅनिंगसाठी खर्च, आणि नव्या पदाच्या कामाचं वर्णन जाहिरातीआधी विकास समितीत मंजूर करून घेणं. पहिली मागणी फेटाळली गेली, दुसरी मंजूर झाली, तिसरी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. सीएचबीच्या सरांनी अर्ज करायचा की नाही हे अजून ठरवलेलं नाही.